पाहणी मंगळवारी आली

माझा धंदा काय आहे, हे माझ्या सासुरवाडीला अजून नीट कळलेलं नाही. लग्न जमवताना मध्यस्थानं "मुलगा नकाशात असतो" एवढंच सांगितलं होतं. सासऱ्यांना वाटलं, सैन्यात असणार. सीमेबिमेचं काहीतरी गुप्त काम असणार. आमच्या भागात सीमा हा शब्द नुसता मनात आला तरी माणूस गंभीर होतो, त्यामुळे त्यांनी पुढं काही विचारलं नाही. लग्नानंतर ते पहिल्यांदा माझ्या 'ऑफिसा'त आले, तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत, एका शेतकऱ्याच्या शेजारी गुडघे टेकून, जमिनीवर पसरलेल्या कागदात त्याची विहीर शोधत होतो. सासरे बराच वेळ दारात उभे राहिले. घरी गेल्यावर सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाले, "जावई कष्टाळू हाय गं. पण हरवलंय काय त्याचं?"

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा सुनंदा म्हणाली, "आधी धंदा काय ते लिहा. माझ्या बाबांना अंक पाठवता येईल."

तर धंदा असा. दर काही वर्षांनी शहराचा आणि भोवतालच्या गावांचा विकास आराखडा होतो. सगळे त्याला मास्टर प्लॅन म्हणतात. पुढं कुठं घरं होतील, कुठं बाजार, कुठं कारखाने, कुठून रस्ता जाईल, हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. पिवळा म्हणजे राहायची घरं. निळा बाजार. जांभळा कारखाने. लाल म्हणजे शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या. राखाडी म्हणजे रस्ते, बसस्टँड, ट्रक थांबायच्या जागा. आणि हिरवे दोन, त्यांची गंमत पुढं सांगतो. कच्चा आराखडा कचेरीच्या भिंतीवर लागतो. लोकांनी तो बघायचा आणि ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती द्यायच्या. मग सुनावणी होते. अधिकारी एकेकाला बोलावून ऐकून घेतात, आणि शेवटी आराखडा पक्का होतो.

ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच, की भिंतीवरच्या नकाशात आपलं रान सापडत नाही. ज्या माणसाला अंधारात चालत जाऊन आपला बांध पायानं ओळखता येतो, तोच माणूस नकाशापुढं जत्रेत चुकल्यासारखा उभा राहतो. तिथं मी लागतो. मी नकाशात जागा शोधून देतो, हरकत लिहून देतो, सुनावणीला बरोबर जातो. वकील नाही, इंजिनियर नाही. तरुणपणी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, ओतकामाच्या साच्यांची ड्रॉइंग काढायचो. तिथं रेघ केसभर चुकली तर एखादा नग भंगारात जायचा. इथं नकाशातली केसभर रेघ जमिनीवर उतरली की तिच्याखाली कुणाचा तरी अख्खा गोठा जातो. हा फरक समजायला मला बरीच वर्षं लागली. समजल्यावर मात्र उद्यमबागेत परत जावंसं वाटलं नाही.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. निपाणीच्या आराखड्याच्या वेळी बोरगावकडचे एक गृहस्थ आले होते. निपाणीत त्यांची जागा होती. मी विचारलं, "तुमच्या जागेवर काय पडलंय?"

"माझ्या जागंवर कायबी न्हाय."

"मग हरकत कसली?"

"शेजाऱ्याच्या जागंवरबी काय न्हाय. तीच हरकत. रस्ता टाका म्हणून लिवा."

मी समजावलं, अशी हरकत घेता येत नाही. ते म्हणाले, "मग सूचना म्हणून लिवा. सूचना बी घेत्यात म्हणं." कायदा त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. मी लिहून दिली नाही, तर म्हणाले, "तुमी शेजारी न्हाय बघितलासा माझा." त्यानंतर कधीतरी ते दोघं शेजारी एकाच मोटारसायकलवरून जाताना दिसले. कुणी सूचना न लिहून दिल्याचा फायदा असा दिसतो.

आता दोन हिरवे. फिका हिरवा म्हणजे शेती. गडद हिरवा म्हणजे बाग किंवा मैदान. म्हणजे रान तुमचं, पण पुढं ते गावाला फिरायला घ्यावं असा विचार आहे. एका गावचे चार भाऊ एकदा कुंद्याचा, आमच्या बेळगावच्या मिठाईचा, बॉक्स घेऊन आले. रान हिरव्यात आलं म्हणून आनंद. मी कुंदा तोंडात घातला आणि नकाशा बघितला. गडद होता. तोंडात कुंदा असताना वाईट बातमी सांगायची कशी, याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नाही. मी गिळेपर्यंत थोरला भाऊ म्हणाला, "गोड जास्त झालंय काय?"

असो. सांगायची आहे ती गोष्ट आक्काची.

आक्का माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून थोरली. बेळगावजवळ कंग्राळीच्या पुढं एक गाव आहे तिचं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर निम्मं गाव फराळाला येऊन "असं न्हवतंच मुळी" म्हणून भांडेल. नवरा लवकर गेला. ओढ्याच्या काठाला, उताराखाली, तिचं लहानसं रान आहे; त्याचा एक तुकडा तेवढा वर रस्त्याला लागतो. विहिरीच्या पाण्यावर ती तिथं कोथमीर, मेथी, मिरची काढते आणि पेंड्या बांधून बेळगावच्या बाजारात स्वतः विकते. एकुलता मुलगा विनायक उद्यमबागेत लेथवर असतो. मी सोडलेल्या जागेत भाचा गेला, म्हणून उद्यमबागेचं आणि आमच्या घराण्याचं खातं अजून चालू आहे.

कच्चा आराखडा लागला त्या आठवड्यात आक्का माझ्या खोलीत आली. बसली नाही. डोक्यावरची रिकामी बुट्टी खाली ठेवून म्हणाली, "सुऱ्या, माझ्या रानाला राखाडी रंग दिल्यात म्हणं. तुझ्याकडं रंग असतोय न्हवं? बदल."

मी म्हटलं, "आक्का, रंग माझा नसतो. मी नुसता दाखवतो."

"मग दाखव."

दाखवला. गावाच्या पूर्वेची सगळी रानं राखाडी होती. ट्रक टर्मिनल. मुंबई–बंगळूर हमरस्त्यावरचे ट्रक शहरात शिरू नयेत म्हणून त्यांना थांबायला मोठी जागा. कल्पना वाईट नव्हती; मीसुद्धा शहरातल्या ट्रकांना शिव्या घातलेल्या आहेत. पण ते थांबणार होते आक्काच्या कोथमिरीत. तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढंसंच दिसतंय व्हय वरनं?"

मी सगळ्या गावाच्या हरकती लिहिल्या. प्रत्येकाची वेगळी, कारण मोठ्या अर्जाखाली शंभर अंगठे असले तरी तो एकच अर्ज ठरतो. सगळ्यांत मुद्दा एकच होता: ही पिकाऊ जमीन आहे, वर्षातून दोन पिकं निघतात, काही रानांना विहिरीचं पाणी आहे.

सुनावणी कचेरीच्या वरच्या हॉलमध्ये होती. ती कानडीत चालते. आमच्या लोकांना कानडी येतं, पण बाजारातलं. त्या कानडीत भाव छान करता येतो. हरकत घ्यायची वेळ आली की जीभ अडखळते. माझं कानडी कारखान्यातलं, त्यात निम्मे शब्द मशीनच्या भागांचे. अधिकारी बागलकोटकडचे होते, उंच, सडपातळ, आवाज न चढवणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता पिकाऊ रान. सर्व्हे करणारे म्हणतात, उन्हाळ्यात बघितलं तर मोकळा माळ. मी स्वतः येऊन बघतो." आणि तारीख दिली.

सगळे खुश होऊन जिना उतरले. खाली आल्यावर गावचे पंच आप्पा थांबले. आप्पा म्हणजे गावातलं शेवटचं कोर्ट. देवळाचं, भांडणाचं, लग्नाचं, सगळं त्यांच्या ओट्यावर ठरतं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"सुरेश, त्या दिशी मंगळवार येतोय की रं."

मी म्हटलं, "मग?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. आक्का म्हणाली, "शहरात ऱ्हाऊन पार इसरला ह्यो."

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडच्या गावांत महालक्ष्मीची यात्रा दरसाल नसते. मधे बरीच वर्षं जातात. जिथं ठरते तिथं आधी काही मंगळवार 'वार' पाळतात. वाराच्या दिवशी शेतातलं काम बंद. नांगर नाही, कुदळ नाही, विळा नाही. लोखंड मातीला लागायचं नाही, आणि आक्काच्या गावात तर माणसाचा पायसुद्धा रानात पडायचा नाही. त्या दिवशी जमीन देवीची. लोक आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून देवळात जातात आणि दिवसभर पारावर बसतात. त्या साली त्या गावची यात्रा होती.

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तारीख पुढं ढकलता येते का ते विचारलं. तिथल्या कारकुनानं भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. सगळ्या तालुक्याच्या पाहण्या ओळीनं लावल्या होत्या. "तुमची हलवली तर सगळ्यांच्या हलणार," तो म्हणाला. "त्यापेक्षा तुमची देवी हलते का बघा."

ते मी गावात जाऊन सांगितलं नाही. पण संध्याकाळी देवळापुढं बसून विनवणी मात्र केली. "आप्पा, एकच दिवस. चार माणसं रानात दिसली पाहिजेत."

"न्हाय."

"बरं, आपली नकोत. शेजारच्या गावच्या बायका लावू रोजानं. त्यांचा वार नाही."

आप्पा हसले. "रान कुणाचं? देवी बघणार बाई कुठल्या गावची ते? ती रान बघणार."

मी आक्काकडं वळलो. तिचं रान जाणार होतं. ती तरी व्यवहार बघेल असं वाटलं. "आक्का, तुझी कोथमीर उभी आहे. नुसती पाणी सोडायला गेलीस तरी—"

"सुऱ्या," ती म्हणाली, "आईनं पाळला, सासूनं पाळला. नवरा गेला त्या साली बी पाळला. आता ट्रकवाल्यांसाठी मोडू? मग ऱ्हायलं काय माझं त्या रानात?"

विनायकनं मधला मार्ग काढला. "मामा, रानात जायाचं न्हाय, ठीक. पर रस्त्यावर उभं ऱ्हायाला कोण नगं म्हणतंय? समदं गाव रस्त्यावर उभं करू. लोक हाईत हे तरी साहेबास्नी दिसंल."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे इथं लिहिताना लाज वाटते.

मंगळवारी जीप आली. डोळ्यांसमोर आणा. उन्हाळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं, पुरुष पांढऱ्या सदऱ्यात आणि टोपीत, बायका ठेवणीतल्या लुगड्यात, पोरं पावडर लावून. जणू मंत्री येणार आहे. आणि त्यांच्या मागं नजर जाईल तिथवर नुसती नांगरलेली, कोरडी, लाल रानं. आमच्याकडं भात धूळवाफेवर पेरतात. पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकून वाट बघायची. म्हणून उन्हाळ्यात रान तयार असतं, पण दिसतं रिकामं. ओढ्याकाठची हिरवी रानं उताराखाली, रस्त्यावरून दिसत नाहीत. त्यातच आक्काचं.

साहेब उतरले. एकदा लोकांकडं बघितलं, एकदा रानाकडं.

"आज लग्न आहे का कुणाचं?"

मी माझ्या कारखान्याच्या कानडीत सांगितलं, नाही, पिकाऊ जमीन आहे, आत चला, खाली विहिरी आहेत. साहेब बूट सावरत बांधावरून उतरायला निघाले. आणि आप्पांनी हात जोडून मोडक्या कानडीत सांगितलं.

"साहेब, आज पाय घालू नगासा."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

हरकत घेणाऱ्यांनीच पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला आत जाऊ दिलं नाही, असं माझ्या धंद्यात आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. मी आप्पांच्या कानात पुटपुटलो, "आप्पा, ते बघायलाच आलेत." आप्पा मोठ्यानं म्हणाले, "बघू देत की. डोळ्यांनी बघायचंय, पायांनी कशाला?" लोकांनी माना डोलावल्या. आक्का पुढं होऊन बाजारातल्या कानडीत म्हणाली, "उद्या या साहेब, रान दाखवतो, जेवून जावा." साहेब म्हणाले, उद्या दुसरं गाव आहे. मग त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून दोन्ही बाजूंना बघितलं, सहायकाला काहीतरी सांगितलं, आणि जीप निघून गेली. लोकांनी हात हलवून निरोप दिला. मी एकटाच डोकं धरून उभा होतो. पारावरून कुणीतरी म्हणालं, "लई चांगला माणूस. ऐकला लगीच."

साहेबांच्या पाहणीच्या टिपणाची नक्कल मिळाली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. हरकतदारांनी आत जाऊ दिलं नाही. रस्त्यावरून जमीन मोकळी दिसली. शेतीचं काम चालू आढळलं नाही. मी घरी येऊन सुनंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरं लिहिलंय की."

"तेच तर!" मी ओरडलो.

दुसऱ्या सुनावणीला मी रात्रभर तयारी केलेलं भाषण घेऊन गेलो. जलसिंचन, दुबार पीक, सगळं कानडीत पाठ. आक्काचा नंबर आधी लागला. साहेब म्हणाले, "हेळ्री, आक्कार." म्हणजे बोला, आक्का. मी उठणार, तोवर ती उठली. बाजाराच्या कानडीत, भाव करताना बोलते तशी, सुरू झाली. ते मराठीत असं होतं:

"साहेब, तुमच्या आफिसला रविवारी कुलूप असतंय न्हवं?"

"असतं."

"रविवारी मी खालनं बघितलं. एकबी माणूस न्हाय, फॅन बंद. मग मी समजायचं काय, हितं कोण काम करत न्हाय, जागा मोकळी हाय, चला ट्रक लावू?"

कारकुनाला हसू आलं होतं, पण साहेबांच्या तोंडाकडं बघून थांबला होता. साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग मान खाली घालून हसले, आणि मग कारकूनही हसला.

"मग कधी येऊ?"

"मंगळवार सोडून कवाबी या."

"येत्या बुधवारी येतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी भाषण घडी घालून खिशात ठेवलं. ते अजून कपाटात आहे. त्यातलं कानडी चांगलं झालं होतं.

आता बुधवारचं ऐका. मंगळवारी रान ओस होतं म्हणून बुधवारी ते भरलं पाहिजे, असा गावानं ठराव केला. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, म्हणून तक्रार करत नाही. मी पोचलो तेव्हा रानात जत्रेसारखी गर्दी होती. उद्यमबागेतली पोरं रजा टाकून आली होती, हातात मागून आणलेल्या कुदळी. निवृत्त हेडमास्तर पाठीवर फवारणीचा पंप बांधून कोरड्या ढेकळांवर पाणी मारत होते. ज्या रानात पेरणीला अजून दिवस होते तिथं बायका खुरपत होत्या. तण नव्हतं, म्हणून त्या एकमेकींशी बोलत माती हलवत होत्या. एका जीन्सवाल्यानं बैल उलटे जुंपायला घेतले होते; आप्पा त्याला शिव्या देत होते.

साहेब आले, आणि बघतच राहिले.

"मागच्या वेळी रानात एकही नव्हता," ते हळू आवाजात मला म्हणाले. "आज एवढे. यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खोटं नव्हतं, पण दोन्ही खरं वाटत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, खाली चला. आक्काचं रान बघा." हुकमाचं पान म्हणून मी ते राखून ठेवलं होतं. दाट हिरवी कोथमीर आणि मधे आक्का वाकलेली, असं चित्र.

उतार उतरलो. रान रिकामं. कोथमीर नाही, आक्का नाही.

मी मागं वळून ओरडलो, "विन्या, तुझी आई कुठं?"

विनायक माझ्याहून घाबरलेला. त्यानं फोन लावला आणि घाबरल्यामुळं स्पीकर सुरू झाला. मागं बाजाराचा कालवा.

"आई, कुठं हाईस? साहेब आल्यात!"

"मग बसीव की त्यास्नी. पाणी दे."

"अगं, तू हवीस हितं!"

"आज बुधवार न्हवं? काल वार होता म्हणून उपटली न्हाय. आज पहाटं उपटून आणली. सुकली की कोण घेतंय? तुझा मामा हाय न्हवं तिथं, त्यो सांगंल. — ए, दोन पेंड्या धाला न्हाय, व्हईनी, हात लावू नगा—" आणि फोन बंद.

फोनवरचं ऐकून साहेब हसले. त्यांना मराठी समजत होतं, हे मला तेव्हा कळलं. ते विहिरीकडं गेले, वाकून पाणी बघितलं. मग वाफ्यांत आले. उपटलेल्या जागी माती अजून ओली, भुसभुशीत. बांधाकडेला निवडून टाकलेली पिवळी पानं, तुटलेल्या काड्या, पेंड्या बांधायच्या दोऱ्यांचे तुकडे. त्यांनी पडलेली एक काडी उचलली, चुरगाळली आणि बोटं नाकाशी नेली. वरच्या रानात कुणीतरी बैलांना हाकत होतं, कुणीतरी हेडमास्तरांच्या पंपाला हसत होतं.

"बरकोळ्री," ते सहायकाला म्हणाले. लिहून घ्या.

जीपकडं चढताना आप्पांना म्हणाले, "त्या मास्तरांना आता बसायला सांगा. ऊन लागेल."

आराखडा पक्का व्हायला पुष्कळ काळ गेला. लागला तेव्हा मी सकाळी कचेरी उघडायच्या आधी जाऊन बाहेर उभा राहिलो. पूर्वेची रानं फिकी हिरवी होती. गावानं मला शाल घातली. शाल खरी आक्काला घालायला हवी होती, पण ती बाजारात होती.

अभिमान वाटतोच. पण त्याच नकाशात मी आणखी एक गोष्ट बघितली. राखाडी पुसला गेला नव्हता, हमरस्त्याकडं सरकला होता, एका खडकाळ माळावर. तो माळ मला माहीत आहे. तिथं धनगरांची मेंढरं बसतात. त्या बाजूनं एकही हरकत आली नव्हती, कारण कच्च्या आराखड्यात तिथं काहीच दाखवलेलं नव्हतं. हरकत कशाला घेणार? माझ्याकडं कुणी आलं नाही, आणि मीही कुणाकडं गेलो नाही. त्या बाजूनं जाताना मी अजून बसच्या खिडकीतून दुसरीकडं बघतो. आणि कच्च्या आराखड्यात आप्पांच्या गोठ्यावरून रस्त्याची एक रेघ होती, ती तशीच राहिली. आप्पा म्हणतात, "तुझ्याकडनं एवढं सुटलं बघ, सुरेश." चहा पाजून म्हणतात, म्हणून जास्त लागतं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. गेल्या महिन्यापर्यंत मी ती इथंच संपवत होतो, लग्नकार्यात, पंगतीत, कुणी विचारो न विचारो. सुनंदा म्हणते, दर वेळी हेडमास्तरांचा पंप थोडा मोठा होतो.

गेल्या महिन्यात आक्का खोलीत आली. आता गुडघे दुखतात, म्हणून या वेळी बसली. बुट्टीतून कोथमिरीची एक पेंडी काढून टेबलावर ठेवली. नकाशा उघडाच होता.

"सुऱ्या, हिरव्याचं पिवळं करायला काय लागतंय?"

मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी विचारते. "कुणाचं रान?"

"माझं. रस्त्याकडचा तुकडा तेवढा. विन्याला घर बांधायचंय. किती दिवस भाड्यानं ऱ्हाणार त्यो शहरात? पोरं मोठी झाली."

माझा आवाज एकदम चढला. म्हटलं, आक्का, एवढं करून वाचवलं ते रान! साहेब दोनदा आले! त्या रानात तू वारसुद्धा मोडला नाहीस! आणि आता तूच पिवळं कर म्हणतेस?

तिनं मला पुरतं बोलू दिलं. बाजारात गिऱ्हाईक भावाबद्दल बडबडतं तेव्हा ऐकते तसं ऐकलं.

"वाचवलंस ते कुणाचं?"

"तुझं."

"मग? ट्रकवाल्यांनी ठरवायचं न्हवतं, येवढंच होतं की रं. खालचा वाफा हाय तसाच ऱ्हाणार. कोथमीर मी मरस्तवर काढणार. वरचा तुकडा लेकाला देतो. तुला काय वाटलं, मी रंगासाठी भांडलो?"

तसंच वाटलं होतं मला. इतकी वर्षं रंगांत बसून दुसरं वाटणार तरी काय?

अर्ज लिहायला घेतला. ती शेजारी बसून बघत होती, मधेच म्हणाली, "अक्षर अजून चांगलं हाय तुझं." जाताना तिनं पेंडी उचलली, माझ्या हातात दिली, "सुनंदाला दे, पाण्यात ठेव म्हणाव." पेंडी ओली होती. ती जिथं ठेवली होती तिथं झेरॉक्सवाल्यानं काढलेल्या नकाशाचे रंग फुटले होते. तिच्या गावाच्या शेजारी, पिवळ्याचा आणि हिरव्याचा मिळून एक डाग.

नवा नकाशा काढून घ्यायचा राहिलाय. गिऱ्हाईकं येतात, वाकून बघतात आणि विचारतात, हा कुठला रंग, यादीत दिसत नाही. मी सांगतो, ते आक्काला विचारावं लागेल. बुधवारी बाजारात असते.